फुरिए: पीसी थंड कसा ठेवायचा आणि गप्प कसा करायचा, दोन्ही शिकवणारा माणूस

इंजिनिअरिंगला ज्यांनी एम-थ्री दिलाय, त्यांना फुरिए हे नाव नवीन नाही. कॉलेजात आम्ही त्याला फोरियर म्हणायचो. त्याची सिरीज पाठ करायची, पेपरात उतरवायची आणि हॉलच्या बाहेर पडताच विसरून जायची, एवढाच त्याच्याशी संबंध. तो कोण होता, कुठला होता, त्याने हे सगळं कशासाठी केलं, हे कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

पण मित्रांनो, तुम्ही घरी पीसी बांधणार असाल, तर दोनच गोष्टी तुम्हाला सगळ्यात जास्त छळणार आहेत: उष्णता आणि आवाज. त्यातही तुम्ही आमच्या यवतमाळसारख्या ठिकाणी राहत असाल, जिथे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तर विचारूच नका. पीसी थंड करायला गेलं की पंखे ओरडतात, पंखे कमी केले की प्रोसेसर तापतो. या दोन्ही प्रश्नांवर काम करण्याची पद्धत एकाच माणसाने घालून दिली, तीही कॉम्प्युटर जन्माला येण्याच्या शंभरहून जास्त वर्षं आधी. म्हणून आज कुठल्या पार्टचा रिव्ह्यू नाही. आज जोसेफ फुरिएची गोष्ट, आणि ती आपल्या पीसीला कशी लागू पडते ते.

शिंप्याचा मुलगा

फुरिएचा जन्म २१ मार्च १७६८ चा, फ्रान्समधल्या ओसेर गावचा. वडील शिंपी, घरात भावंडांची रांग. नऊ-दहा वर्षांचा होईपर्यंत आई गेली, पाठोपाठ वडीलही गेले. पोरक्या मुलाला गावातल्या लष्करी शाळेत जागा मिळाली. ही शाळा बेनेडिक्टाइन साधू चालवत. तिथे त्याला गणिताची गोडी लागली. रात्री सगळे झोपले की जमवून ठेवलेल्या मेणबत्त्यांच्या तुकड्यांवर तो अभ्यास करायचा, असं सांगतात.

त्याला तोफखान्यात अधिकारी व्हायचं होतं. हुशारी होती, पण घराणं खानदानी नव्हतं, म्हणून दार बंद. मग तो मठात गेला, साधू होण्याच्या तयारीला लागला. तेवढ्यात १७८९ ची फ्रेंच राज्यक्रांती झाली आणि दीक्षा न घेताच तो बाहेर पडला. आपल्याच जुन्या शाळेत शिकवू लागला आणि गावच्या क्रांती समितीत कामही करू लागला.

ते दिवस वाईट होते. आज क्रांतिकारक असलेला माणूस उद्या क्रांतीचा शत्रू ठरायचा. १७९४ च्या जुलैमध्ये फुरिएला अटक झाली. गिलोटिन फार लांब नव्हतं. पण त्याच महिन्याच्या शेवटी पॅरिसमध्ये रोबेस्पिएरची सत्ता कोसळली आणि फुरिए सुटला. काही दिवस इकडचे तिकडे झाले असते, तर आपल्या एम-थ्रीच्या पुस्तकातला एक अख्खा भाग कदाचित दुसऱ्याच कुणाच्या नावावर असता.

पॅरिस, इजिप्त आणि सरकारी नोकरी

१७९५ मध्ये तो पॅरिसला नव्या शिक्षक-शाळेत दाखल झाला. शिकवायला कोण, तर लाग्रांज, लाप्लास आणि मोंज! म्हणजे त्या काळातले गणिताचे बाप लोक. दोन वर्षांत तो एकोल पोलिटेक्निकमध्ये लाग्रांजच्याच जागेवर शिकवू लागला.

१७९८ मध्ये नेपोलियनने इजिप्तवर स्वारी केली आणि सैन्यासोबत शास्त्रज्ञांचा तांडाही नेला. त्यात फुरिए होता. कैरोमध्ये स्थापन झालेल्या संस्थेचा तो सचिव झाला. १८०१ मध्ये परत आल्यावर त्याला पुन्हा शिकवायचं होतं, पण नेपोलियनने त्याला ग्रनोबलला पाठवलं, इझेर प्रांताचा प्रीफेक्ट म्हणून. प्रीफेक्ट म्हणजे आपल्या भाषेत जवळपास जिल्हाधिकारीच.

हे काम नावापुरतं नव्हतं. बुर्ग्वांची प्रचंड दलदल त्याने आजूबाजूच्या गावांची समजूत घालून कोरडी करवली. ग्रनोबलहून तुरीनकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम त्याच्याच देखरेखीखाली झालं. इजिप्तवरच्या मोठ्या ग्रंथाची प्रस्तावनाही लिहायची होती. आणि हे सगळं सांभाळून उरलेल्या वेळात तो उष्णतेचं गणित करत होता. दिवसभर ऑफिस करून रात्री स्वतःचा प्रोजेक्ट करणारे आपण काही पहिले नाही.

लोखंडी कडं आणि थर्मामीटर

त्याचा प्रश्न साधा होता: एखादी वस्तू एका बाजूने तापवली तर उष्णता दुसरीकडे कशी आणि किती वेगाने पोहोचते? त्या काळात उष्णता म्हणजे नेमकं काय यावरच वाद चालू होते. फुरिए त्या वादात पडला नाही. उष्णता काहीही असो, ती वाहते कशी ते मोजू या, असा त्याचा पवित्रा. लोखंडाचं कडं घेऊन ते तापवायचं, ठिकठिकाणी थर्मामीटर लावायचे आणि आकडे गणिताशी जुळतात का ते बघायचं.

त्यातून जो नियम आला तो आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. उष्णता किती वाहणार हे चार गोष्टींवर ठरतं: पदार्थ कोणता, क्षेत्रफळ किती, दोन टोकांच्या तापमानात फरक किती आणि मधला थर किती जाड. फरक आणि क्षेत्रफळ वाढलं की प्रवाह वाढतो, जाडी वाढली की कमी होतो. बस्स.

आता हा नियम घेऊन पीसीची केस उघडा. उष्णतेचा रस्ता असा आहे: चिप, तिच्यावरचं धातूचं झाकण, थर्मल पेस्ट, कूलरचा तळ, हीट पाइप, फिन, केसमधली हवा, खोलीतली हवा. ही एक साखळी आहे. एकच कडी अडली तरी मागचं सगळं तुंबतं.

पेस्ट कशाला लागते? झाकण आणि कूलर हाताला गुळगुळीत लागले तरी त्यांच्यामध्ये बारीक फटी असतात आणि त्यात हवा असते. हवेची उष्णतावाहकता साधारण ०.०२६, चांगल्या पेस्टची ५ ते १० आणि तांब्याची ४०० च्या आसपास, एकक तिन्हींना एकच. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा शेकडो पट बरी, पण तांब्यापुढे फारच कमजोर. म्हणून पेस्ट फक्त फटी भरण्यापुरती, पातळ. पोळीवर तूप लावतो तशी, श्रीखंडासारखी नाही.

पण मला फुरिएचा सगळ्यात जास्त उपयोग झाला तो बिघाड शोधताना. त्याच्या नियमातून एक युक्ती आपोआप निघते: उष्णता तेवढीच वाहत असेल, तर जिथे तापमानाची उडी मोठी तिथे अडथळा मोठा. म्हणजे आधी उडी कुठे आहे ते शोधायचं, मग खर्च करायचा.

एका मित्राचा नवीन, दुकानातून असेंबल करून आणलेला पीसी गेम चालू केला की मिनिटभरात ९५ अंशांवर जायचा आणि अडखळायचा. तो अजून मोठा कूलर घ्यायच्या तयारीत होता. आम्ही गेम चालू ठेवून कूलरमागून येणाऱ्या हवेवर हात धरला. हवा जवळपास खोलीइतकीच! मग पीसी बंद करून फिनला हात लावला, तर त्या कोमट. चिप ९५ वर आणि फिन कोमट, म्हणजे उडी दोघांच्या मध्येच आहे. कूलर काढला, तर तळाला चिकटवलेली प्लास्टिकची पातळ फिल्म तशीच! ती काढली, नवीन पेस्ट लावली, स्क्रू समोरासमोर थोडे थोडे आवळले. खर्च फक्त पेस्टचा.

याच्या उलट, फिन चटका देण्याइतक्या गरम असतील आणि मागून येणारी हवाही गरम असेल, तर पेस्टला दोष देऊ नका. उष्णता तिथपर्यंत नीट पोहोचतेय, पुढे हवेत जात नाही किंवा केसबाहेर पडत नाही. एक सोपी चाचणी करा: केसची बाजूची पाटी दहा मिनिटं काढून ठेवा. तापमान बरंच खाली आलं तर केसमध्ये हवा कोंडतेय. पुढून आत, मागून आणि वरून बाहेर, असा रस्ता पंख्यांना मोकळा करून द्या.

आमच्या जिल्ह्यात आणखी एक भानगड असते. कापसाचा हंगाम चालू झाला, जिनिंग सुरू झालं की हवेत बारीक तंतू उडतात आणि ते फिनमध्ये जाऊन बसतात. कापसात हवा अडकून राहते, म्हणून तर रजई ऊब देते. तीच रजई तुमच्या हीटसिंकवर पांघरली जाते. हंगामात पंधरा दिवसांनी फिल्टर झटका. फिनमधली धूळ मऊ ब्रशने काढा आणि हवेचा झोत मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, तो गरागरा फिरू देऊ नका.

आणि उन्हाळ्याचं काय? माझ्या ६५ वॉटच्या प्रोसेसरवर मी डिसेंबरात आणि मे महिन्यात एकच टेस्ट चालवली, पंख्याचा वेगही तोच ठेवला. डिसेंबरात खोली २२ अंश, प्रोसेसर ६१. मे महिन्यात खोली ४३, प्रोसेसर ८२. फरक दोन्ही वेळा ३९! कूलर हा फरक सांभाळतो, खोलीचं तापमान नाही. म्हणून यूट्यूबवर थंड देशातल्या कुणी ६० अंश दाखवले, तर घाबरू नका. त्याच्या खोलीचं तापमान विचारा, वजाबाकी करा आणि मग तुलना करा.

पंधरा वर्षं अडकलेला पेपर

२१ डिसेंबर १८०७ ला फुरिएने आपलं काम पॅरिसच्या संस्थेत सादर केलं. तपासायला चौघे: लाग्रांज, लाप्लास, मोंज आणि लाक्रुआ. त्यातले तिघे त्याचे जुने गुरुजी. आणि गाडी अडली.

अडली ती उष्णतेच्या नियमावर नाही, तर गणिताच्या एका पायरीवर. कड्यावर उष्णता कशीही पसरलेली असो, अगदी एक अर्धा गरम आणि दुसरा थंड असला तरी, ती साध्या साईन-कोसाईन लाटांची बेरीज म्हणून लिहिता येते, असं फुरिएचं म्हणणं होतं. मग प्रत्येक लाट वेगवेगळी सोडवायची आणि शेवटी सगळं परत जोडायचं. लाग्रांजला हे पटेना. गुळगुळीत लाटांची बेरीज करून कोपरा असलेला आलेख कसा काय तयार होईल?

१८११ मध्ये संस्थेने उष्णतेच्या प्रसारावरच स्पर्धा ठेवली. फुरिएने सुधारित काम पाठवलं आणि बक्षीस जिंकलं. पण सोबत शेराही मिळाला की मांडणी पुरेशी काटेकोर नाही. काम छापलं नाहीच. ज्यांच्याकडून शिकलो तेच आपलं मानत नाहीत, आणि आपल्याला तर लोखंडी कड्यावर आकडे जुळताना दिसतायत, अशी ती अवस्था. फुरिएने हट्ट सोडला नाही. शेवटी १८२२ मध्ये उष्णतेच्या सिद्धांतावरचं त्याचं पुस्तक आलं, पहिल्या सादरीकरणानंतर तब्बल १५ वर्षांनी. शंका अगदीच चुकीची होती असंही नाही. ही बेरीज नेमकी कधी चालते याचा पक्का पुरावा १८२९ मध्ये डिरिक्ले या तरुण गणितज्ञाने दिला. तोपर्यंत फुरिएच्या हातात एकच वर्ष उरलं होतं.

तीच युक्ती आवाजाला

ज्या पायरीवर पेपर अडला, तीच आज तुमच्या खिशात आहे. उष्णता असो की आवाज, गुंतागुंतीची गोष्ट साध्या लाटांत मोडता येते. १९६५ मध्ये कूली आणि ट्युकी यांनी हे गणित कॉम्प्युटरवर झटपट करायची पद्धत प्रसिद्ध केली, तिला एफएफटी म्हणतात. फोरजी-फाइव्हजीचा सिग्नल त्यावरच चालतो. फोटोचं जेपेग त्याच्याच चुलतभावाने लहान होतं.

मग पीसीचा आवाज फोननेच तपासा. स्पेक्ट्रम ॲनालायझर नावाची फुकट ॲप्स मिळतात. रात्री सगळं शांत असताना फोन केसजवळ धरा. कानाला नुसती घरघर ऐकू येते, पण स्क्रीनवर वेगवेगळे सुळके दिसतात. ते वाचायचे असे:

- पंखा: आरपीएम भागिले ६०, गुणिले पाती. १२०० आरपीएमचा ७ पात्यांचा पंखा १४० हर्ट्झला सुळका देतो. वेग कमी केला की सुळकाही डावीकडे सरकतो.
- हार्ड डिस्क: ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या, सुळका १२० हर्ट्झला. पंखा कमी-जास्त केला तरी तो हलत नाही. खाली रबर लावा किंवा सरळ एसएसडी घ्या.
- इन्व्हर्टर किंवा स्टॅबिलायझर: आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्रान्सफॉर्मरची गुणगुण १०० हर्ट्झला. पीसी बंद केल्यावरही सुळका राहिला, तर पीसी निर्दोष आहे.
- कॉइल व्हाइन: हजारो हर्ट्झचा बारीक किंचाळा, गेममध्ये वाढणारा. फ्रेम रेटला मर्यादा घातली की बऱ्याचदा कमी होतो.

आवाज कुठून येतोय हे कळलं की औषध सोपं. पंखाच असेल तर मोठा आणि हळू फिरणारा निवडा. १२० मिलिमीटरचा पंखा कमी वेगात जेवढी हवा ढकलतो, तेवढीसाठी ८० मिलिमीटरच्याला बराच जोरात पळावं लागतं. अर्थात मे महिन्यात खोलीत डेझर्ट कूलर घरघरत असेल, तर पीसीच्या आवाजाची चर्चाच संपली! फक्त कूलरचा झोत थेट केसवर घेऊ नका, पाण्याचे थेंब उडतात.

उष्णता उशिरा पोहोचते

फुरिएने जमिनीचाही अभ्यास केला. वर उन्हाळा-हिवाळा बदलत राहतो, पण खोल जावं तसा तो बदल मंदावतो आणि उशिराने पोहोचतो. हे आपल्याला वेगळं सांगायला नको. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहाला खोलीत आग ओततो, आणि मातीच्या जाड भिंतीचं जुनं घर मात्र दुपारी गार असतं. पीसी पश्चिमेच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, ते यासाठीच.

पंख्याच्या सेटिंगमध्येही हेच. ब्राउझर उघडला की चिप क्षणात १० अंश उडी मारते, पण कूलरचा धातू सावकाश तापतो. पंखा प्रत्येक उडीला धावला तर सतत हुंकार देत राहतो. बायोसमध्ये पंख्याची प्रतिक्रिया काही सेकंद उशिरा ठेवा. एवढ्यानेच अर्धी कटकट जाते.

सतत थंडी वाजणारा माणूस

१८१५ मध्ये नेपोलियनचा कायमचा पाडाव झाला आणि त्याने नेमलेला माणूस म्हणून फुरिएचे दिवस फिरले. अकादमीवर त्याची निवड झाली तेव्हा राजाने ती आधी मान्य केली नाही. १८१७ मध्ये तो पुन्हा निवडून आला आणि १८२२ मध्ये अकादमीचा कायम सचिव झाला. १८२४ मध्ये त्याने पृथ्वीच्या तापमानावर लिहिलं. वातावरण सूर्याची उष्णता आत येऊ देतं, पण बाहेर तितक्या सहज जाऊ देत नाही, ही कल्पना त्यात आहे. आज ज्याला आपण हरितगृह परिणाम म्हणतो, त्याच्या सुरुवातीच्या कल्पनांमध्ये ती मोजली जाते.

गंमत म्हणजे, उष्णता बाहेर कशी जाते याचं गणित मांडणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र सतत थंडी वाजायची. इजिप्तहून आल्यापासून तो खोली तापवून, अंगावर कपड्यांचे थर चढवून बसायचा, असं त्याच्याबद्दल सांगतात. त्याने लग्न केलं नाही. मे १८३० मध्ये तो जिन्यावरून पडला आणि १६ मे रोजी पॅरिसमध्ये गेला. वय ६२. आयफेल टॉवरवर ज्या ७२ जणांची नावं कोरलीत, त्यात त्याचं आहे.

आज पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्म या सुपरकॉम्प्युटरमध्ये उष्णता थेट द्रवाने उचलून नेतात. तुमच्या फोनला तर पंखाच नाही, त्याची बरीच उष्णता मागच्या कव्हरमधून जाते, म्हणून चार्जिंगला लावून गेम खेळताना जाड कव्हर काढून ठेवा. यंत्रं बदलली, नियम तोच आहे.

म्हणून पुढच्या वेळी पीसी तापला की आधी शॉपिंग ॲप उघडू नका. हात लावा, आकडे लिहा, उडी कुठे आहे ते शोधा. थर्मामीटर घेऊन लोखंडी कड्याजवळ बसलेल्या त्या प्रीफेक्टनेही तेच केलं होतं, आणि त्याच्याकडे तर स्क्रीनवर तापमान दाखवणारं सॉफ्टवेअरही नव्हतं.